चाकरमानी : शब्द आणि संबंध

(परळ येथे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२०२५ च्या गणेशोत्सवापूर्वी महाराष्ट्र शासनाने एका शब्दाला रजा दिली. मुंबईतील कोकणी माणसे गणपतीसाठी गावी निघतात, तेव्हा जादा एस. टी. गाड्यांपासून पथकरमाफीपर्यंतच्या सरकारी घोषणांत त्यांचा उल्लेख वर्षानुवर्षे 'चाकरमानी' असा होत आला होता. हा शब्द अवमानकारक आहे, अशी तक्रार कोकणातील काही संघटनांनी केली. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ऑगस्ट महिन्यात प्रशासनाला निर्देश दिले की, यापुढे सरकारी कामकाजात 'चाकरमानी' ऐवजी 'कोकणवासीय' हा शब्द वापरावा. या निर्णयाचे स्वागतही झाले आणि त्यावर टीकाही झाली.

तक्रार करणाऱ्यांची भावना खोटी होती, असे म्हणता येणार नाही. ज्याचा बाप गिरणीत साचे सांभाळीत होता आणि जो स्वतः आज शिक्षक, परिचारक, तंत्रज्ञ किंवा व्यावसायिक आहे, त्याला कोणी चाकर म्हणून संबोधले तर ते खटकणारच. परंतु शब्द खटकतो तो कशामुळे, याचा विचार झाल्याशिवाय तो बदलण्यात फारसा अर्थ नाही. शब्दात साठलेला अपमान ज्या संबंधातून आला, तो संबंध नाहीसा झाला आहे काय? की संबंध तसाच ठेवून त्याच्यावरची पाटी तेवढी रंगविली जात आहे? आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'चाकर' हा शब्द फारसीतून मराठीत आला. मध्य आशियात समरकंद-बुखाऱ्याच्या परिसरात सातव्या-आठव्या शतकांत चाकर म्हणजे सरदाराच्या पदरी असलेला निवडक योद्धा. ह्युएनत्संग या चिनी प्रवाशाने समरकंदचे वर्णन करताना अशा योद्ध्यांच्या शौर्याचा आवर्जून उल्लेख केला आहे. 'नोकर' या शब्दाची कुळकथा तर याहून उद्बोधक आहे. त्याचे मूळ मंगोल भाषेत असून तेथे त्याचा अर्थ सोबती, साथी असा होता. आपल्या टोळीचे बंध तोडून चंगीझखानासारख्या नेत्याच्या मागे स्वेच्छेने जाणारा, त्याच्याबरोबर लढणारा आणि त्याच्या पंक्तीला जेवणारा तो नोकर. संस्कृतातील 'सामंत' या शब्दाचा मूळ अर्थ शेजारी, सीमेलगतचा. पुढे त्याचा अर्थ मांडलिक असा झाला. 'शिपाई' म्हणजे सैनिक. परंतु कचेऱ्यांच्या राज्यात शिपाई म्हणजे फायली वाहणारा आणि साहेबाला पाणी देणारा माणूस, असा अर्थ रूढ झाला.

याच्या उलट दिशेने गेलेले शब्दही आहेत. इंग्लंडातील 'नाइट' या किताबाचा मूळ अर्थ पोऱ्या एवढाच होता. 'मिनिस्टर' हा लॅटिन भाषेत साधा सेवक होता. मग नोकर खाली का गेला आणि नाइट वर का चढला? याचे उत्तर भाषाशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडते. सरदाराच्या सेवकांपैकी ज्याला जमीन मिळाली, महसूल वसूल करण्याचा अधिकार मिळाला, त्याचे नाव प्रतिष्ठित झाले. ज्याच्या हाती केवळ स्वतःचे हात उरले, त्याचे नाव हलके झाले. शब्दांची पत ही त्यांच्यामागच्या मालमत्तेची पत असते.

महाराष्ट्राच्या इतिहासात हा भेद वतन आणि चाकरी या दोन शब्दांत स्पष्ट दिसतो. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांचे वतन वंशपरंपरेचे असे. सत्ता निजामशाहीची असो, आदिलशाहीची असो वा मराठ्यांची असो, वतनदार आपल्या जागी कायम. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी जी सावधगिरी सुचविली आहे, तिचे कारण हेच. हे लोक लहान असले तरी स्वतंत्र सत्ताधारीच आहेत, हे त्या मुत्सद्द्याने ओळखले होते. चाकराचे तसे नव्हते. तो धन्याच्या मर्जीवर ठेवला जाई आणि मर्जी फिरली की काढला जाई. शिवाजी महाराजांनी सैनिकांना आणि अधिकाऱ्यांना जमिनी तोडून देण्याऐवजी रोख वेतन देण्याचे धोरण शक्यतो पाळले, ते वतनदारीला आळा घालण्यासाठी. पुढे सरंजामांची वाटणी झाली आणि ते धोरण मागे पडले. मराठीने 'फ्यूडॅलिझम'ला 'सरंजामशाही' हे नाव दिले, ते या इतिहासाला धरूनच.

शब्द बदलण्याचा प्रयत्नही महाराष्ट्राला नवा नाही. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरच्या काळात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. दरबारी व्यवहारातील सुमारे चौदाशे शब्दांना त्यात संस्कृत पर्याय सुचविले होते. नव्या स्वतंत्र राज्याची स्वतःची भाषा असावी, हा त्यामागचा हेतू मोठा होता आणि त्या शब्दांमागे खरोखरच एक नवी सत्ता उभी होती. तरीही 'चाकर' मराठी बोलीतून गेला नाही. कारण चाकर ठेवणारे होते आणि चाकरी करणारेही होते.

आता कोकणाकडे वळू. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोती पद्धती होती. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला सारावसुलीचा मक्तेदार. परंतु प्रत्यक्षात तो गावाचा धनी बनला होता. कुळाने पिकविलेल्या धान्याचा अर्धा वाटा घेतला तर अर्धेल, तिसरा घेतला तर तिर्धेल. त्यावर वेठ वेगळी. खोताच्या शेतात नांगर फुकट न्यायचा, त्याचा बोजा वाहायचा, त्याच्या घरच्या कार्याला राबायचे. १८८० च्या खोती कायद्याने या व्यवस्थेची नोंद आणि बांधणी केली. तिचा अंत केला नाही. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ पासून सुमारे सहा वर्षे शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी विधिमंडळावर मोर्चा घेऊन मुंबईत आले. खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या निर्मूलन कायद्यामुळे.

या पार्श्वभूमीवर मुंबईला निघालेल्या कोकणी माणसाचा विचार केला पाहिजे. १८५४ साली ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा प्रदेश गिरणगाव झाला. या गिरण्यांना सर्वाधिक माणसे पुरविली ती रत्नागिरी जिल्ह्याने. गावी जो खोताचा कूळ होता, तो मुंबईत पगारावर काम करू लागला. त्याच्या मनिऑर्डरीवर सारा भरला जाऊ लागला, सावकाराचे व्याज फिटू लागले, मुलांना शाळा दिसली. खोताच्या दारात जो वाकून उभा राही, त्याचाच मुलगा शिमग्याला आणि गणपतीला कपड्यांचे गाठोडे, साखर, चहा घेऊन मोटारीतून उतरू लागला. गावाने त्याला 'चाकरमानी' म्हटले. त्यात थोडी थट्टा होती, थोडा हेवा होता आणि आदरही होता. वेठीला जुंपलेल्या गावात चाकरी ही सुटका होती, कारण वेठीला दाम नव्हता आणि चाकरीला दाम होता.

मार्क्सने मजुराला दुहेरी अर्थाने मुक्त म्हटले आहे : तो धन्याच्या बंधनातून मुक्त आणि उत्पादनाच्या साधनांपासूनही मुक्त. चाकरमानी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. मात्र मुंबईत तो पुरता मुक्तही झाला नव्हता. गिरणीच्या दारात नवा खोत उभा होता. त्याचे नाव मुकादम किंवा जॉबर. कामावर घेणे, काढणे, रजा देणे, बदली देणे हे सारे त्याच्या हातात. भरतीसाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे, अडीअडचणीला त्याच्याकडूनच कर्ज घ्यावे लागे. स्त्रियांच्या खात्यात हेच काम नायकीण करीत असे. रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभे राहून कोणी गैरहजर असेल तरच काम मिळणारा बदली कामगार ही मालकांची राखीव फौज होती. त्यातही जातीची उतरंड होती. विणकाम खात्यात मजुरी अधिक, परंतु धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात शिरकाव नव्हता. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न नेत्यांसमोर ठामपणे मांडला. चाकरांमध्येही ज्यांना चाकरीचा पूर्ण हक्क नव्हता असे चाकर होते, ही गोष्ट कामगार चळवळीने विसरू नये.

चाकराचा कामगार झाला तो याच लढ्यांतून. १९२८ च्या एप्रिलपासून सुमारे सहा महिने गिरण्या बंद राहिल्या आणि त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. जॉबरची मनमानी रोखण्यासाठी १९३५ मध्ये बदली भरतीवर नियंत्रणाची पद्धत आली. स्थायी आदेश आले, १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला, १९४८ चा कारखाना कायदा आणि राज्य कामगार विमा कायदा आला, १९७२ मध्ये उपदानाचा म्हणजे ग्रॅच्युइटीचा कायदा आला. यांतील काही कायद्यांत दोष होते. औद्योगिक संबंध कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिलेल्या मक्तेदारीविरुद्ध तर १९८२ चा संप पेटला. परंतु एवढे निश्चित की, 'कामगार' हा शब्द कोणा मंत्र्याच्या निर्देशाने मिळालेला नाही. आठ तासांनंतर यंत्र थांबविण्याचा हक्क, आजारपणात अर्धी का होईना मजुरी मिळण्याचा हक्क, चौकशीशिवाय काढले न जाण्याचा हक्क, हे हाती आल्यावर तो शब्द खरा झाला.

हे ज्याच्या वाट्याला आले नाही, त्याचे उदाहरण गिरणगावापासून दूर नाही. गिरगाव आणि दादरच्या मध्यमवर्गीय घरांत कोकणातूनच आलेले घरगडी होते. त्यांना सरसकट 'रामा' म्हणण्याची रीत होती. त्याचे खरे नाव विठ्ठल असो, सोनू असो, घरात तो रामा. गिरणीतल्या त्याच्या भावाच्या हजेरीपत्रकावर नाव होते, क्रमांक होता, युनियनचे कार्ड होते. याच्याजवळ स्वतःचे नावसुद्धा उरले नव्हते. भाऊ एकाच गावचे, एकाच घरचे. मुंबईत आले तेही एकाच कारणाने. फरक इतकाच की, एकाच्या कामाला कायदा लागू झाला आणि दुसऱ्याच्या कामाला तो लागू नव्हता. ज्या दिवाणखान्यांत कामगारांच्या हक्कांविषयी चर्चा रंगत, तेथे चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्याच्या कामाचे तास कोणी मोजले नाहीत. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ मध्ये. आणि तोही कल्याणाचा, वेतनाचा किंवा तासांचा नव्हे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करावे, हीही त्यांची मागणी होती. तो संप कोणी रीतसर मागे घेतला नाही. तो विरत गेला आणि त्याबरोबर गिरणगावही विरत गेले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमाने गिरण्यांच्या जमिनी खुल्या करताना सार्वजनिक उपयोगासाठी आणि घरांसाठी वाटा ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा आकुंचित झाला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. चिमण्यांच्या जागी मनोरे आले. त्या मनोऱ्यांच्या फाटकावर पहारा करणारा, जिने पुसणारा, पार्सल पोहोचविणारा माणूस आता कोणत्या नावाने ओळखला जातो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

त्याला आता कोणी चाकर म्हणत नाही. त्याची नावे गोड झाली आहेत. दुचाकीवरून जेवण पोहोचविणाऱ्याला कंपन्या 'पार्टनर', म्हणजे भागीदार म्हणतात. भागीदाराला नफ्यात वाटा असतो, धंद्याचे हिशेब पाहण्याचा अधिकार असतो. याला दर ठरविण्याचाही अधिकार नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामाची व्याख्याच मालक आणि कामगार या परंपरागत नात्याच्या बाहेरचे काम अशी केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, ही तिच्यातील तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु ज्याला कामगार म्हणून ओळखच नाही, त्याला मिळते ते कल्याण, हक्क नव्हे.

सरकार स्वतः याहून वेगळे वागत नाही. मुंबईच्या वस्त्यांत महापालिकेच्या योजनेखाली झाडू मारणाऱ्यांची नोंद 'स्वयंसेवक' म्हणून झाली. एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडी चालविणारी स्त्री 'सेविका' आहे आणि तिला मिळते ते वेतन नसून 'मानधन' आहे. २००० साली राज्याने 'शिक्षण सेवक' निर्माण केला; प्राथमिक शाळेतील शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ मध्ये १६,००० रुपये होईपर्यंत महिन्याला अवघे ६,००० रुपये होते. 'मानधन' या शब्दाकडे नीट पाहावे. पाहुण्या वक्त्याला, कीर्तनकाराला आदराने द्यावयाची रक्कम ती मानधन. तो शब्द रोज सहा तास राबणाऱ्या स्त्रीला लावला की मान वाढतो आणि धन कमी होते. वेतन म्हटले की किमान वेतन आले, भविष्यनिर्वाह निधी आला, उपदान आले. मानधन म्हटले की त्यातले काही येत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना आणि मदतनिसांना उपदानाचा कायदा लागू होतो असा निर्णय दिला, तेव्हा या शब्दाच्या आडोशाला पहिले मोठे भगदाड पडले. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कायम ठेवला, तोही त्यांच्या युनियनने वर्षानुवर्षे झुंज दिल्यानंतरच.

हेन्री मेन या इंग्रज कायदेपंडिताने १८६१ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, प्रगत समाजांचा प्रवास जन्मसिद्ध दर्जाकडून कराराकडे होतो. आजचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. कागदावर करार आहे, तोही अकरा महिन्यांचा. आणि व्यवहारात मात्र जुनी मर्जी आहे. कंत्राटदार हा नवा मुकादम आहे. मोबाइलवरील गुणांकन ही त्याची नवी छडी आहे. ज्याचे नाव बदलीच्या यादीत होते, तो आता अॅपवर हुकुमाची वाट पाहत उभा असतो.

येथे कोणी आक्षेप घेईल की, मग शब्दांना काहीच महत्त्व नाही काय? आहे, आणि फार आहे. गांधीजींनी प्रचारात आणलेला 'हरिजन' हा शब्द ज्यांच्यासाठी होता, त्यांच्यातील जागृत वर्गाने तो नाकारला आणि 'दलित' हे नाव स्वतः स्वीकारले. एक नाव दयेतून आलेले होते, दुसरे लढ्यातून. शब्द बदलण्याचा अधिकार ज्यांना तो लागू होतो त्यांचा आहे. कोकणी माणसाने 'चाकरमानी' टाकून द्यावा असे स्वतःच ठरविले, तर त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्याच्या जागी काय येते हा. 'चाकरमानी' या शब्दात माणसाचे काम होते, त्याचे मुंबईशी असलेले नाते होते आणि गावाकडची ओढही होती. 'कोकणवासीय' या शब्दात फक्त भूगोल आहे. ज्याला पोटासाठी कोकण सोडावे लागले, त्याला कोकणात राहणारा म्हणायचे आणि ज्या शहराचे कापड त्याने शंभर वर्षे विणले, त्या शहरावरचा त्याचा हक्क नावातून पुसून टाकायचा, हा सन्मान म्हणता येईल काय? गिरणी कामगारांचे वारस अजून घरांसाठी मोर्चे काढीत आहेत. त्यांना कोणत्याही नावाने हाक मारावी. मुंबईत घर द्यावे.

आणि चळवळीनेही स्वतःच्या घरात पाहिले पाहिजे. संघटनेच्या कचेरीत पुढाऱ्याला साहेब म्हणण्याची, त्याच्या खुर्चीमागे उभे राहण्याची, मतभेद दाखविणाऱ्याला गद्दार आणि गप्प राहणाऱ्याला निष्ठावंत म्हणण्याची रीत केवळ सत्ताधारी पक्षांत आहे असे नाही. निष्ठा हा सरंजामी व्यवस्थेचा पाया होता. लोकशाही संघटनेचा पाया चर्चा आणि हिशेब हा असतो. समाजवादी परस्परांना 'साथी' म्हणतात. 'नोकर' या शब्दाचा मूळ अर्थही तोच होता, हे वर सांगितलेच आहे. साथीचा नोकर व्हायला शतके लागतात असे नाही. निर्णय एकाच्या हाती गेले आणि बाकीच्यांच्या हाती सतरंज्या उचलणे उरले की ते काम काही वर्षांत होते.

तेव्हा एखाद्या नावात अपमान आहे की नाही, हे ठरविण्यासाठी काही साधे प्रश्न विचारावेत. हा माणूस नाही म्हणू शकतो काय? नाही म्हटल्यावर उद्या त्याचे काम टिकते काय? तो आजारी पडला तर त्याच्या घरात चूल पेटते काय? त्याच्या कामाचा मोबदला ठरविताना त्याला विचारले जाते काय? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर त्याला चाकरमानी म्हटल्याने त्याचे काही बिघडत नाही. उत्तरे नकारार्थी असतील, तर भागीदार म्हटल्याने त्याचे काही सुधारत नाही.

सरकारला शब्दांची दुरुस्ती करावयाचीच असेल, तर तिची सुरुवात स्वतःच्या वेतनपत्रकापासून करावी. 'मानधन' खोडून तेथे 'वेतन' लिहावे. 'सेविका' आणि 'स्वयंसेवक' खोडून 'कर्मचारी' लिहावे. 'पार्टनर' म्हणणाऱ्या कंपन्यांना मालक म्हणून जबाबदार धरावे. घरकामगारांच्या कामाचे तास आणि सुट्टी कायद्यात लिहावी. या दुरुस्त्यांना पैसा लागेल. आजवर त्या झालेल्या नाहीत त्याचे कारणही तेच आहे. आणि त्या निर्देशाने होणार नाहीत. 'कामगार' हा शब्द ज्या मार्गाने मिळविला गेला, तो संघटनेचा मार्गच त्यासाठी पुन्हा चालावा लागेल.